माहितीचे भांडार आणि मुक्त सूचनासंचाचा प्रोसेसर

गावाचे दप्तर ही गावाची स्मृती होय. जन्ममृत्यूच्या नोंदी, ग्रामसभेची इतिवृत्ते, घरपट्टीची आकारणी, शाळेचे जनरल रजिस्टर असे कागद रुमालात बांधून कपाटात ठेवण्याची रीत आपल्याकडे अनेक पिढ्या चालत आली. रुमाल सोडला की कागद वाचता येई. कपाट कोणत्या सुताराने बनविले याचा विचार करण्याचे कोणास कारण पडत नसे.

आज या दप्तराचा मोठा भाग संगणकात गेला आहे. डिस्कवरील मजकूर डोळ्यांनी वाचता येत नाही. तो वाचण्यासाठी यंत्र लागते, यंत्र चालविण्यास आज्ञावली लागते आणि ती आज्ञावली त्या यंत्रातील प्रोसेसरला समजेल अशा भाषेत असावी लागते. यंत्र बंद पडले व त्या जातीचे दुसरे यंत्र मिळेनासे झाले, तर दप्तर शाबूत असूनही निरुपयोगी ठरू शकते. माहिती ज्या भांडारात ठेवावयाची ते भांडार एकाच उत्पादकाच्या यंत्राशी बांधलेले असावे काय, हा प्रश्न त्यामुळे केवळ तंत्रज्ञांपुरता राहत नाही. मुक्त सूचनासंचाच्या प्रोसेसरवर साठवणुकीच्या आज्ञावली चालविण्याचे जे प्रयत्न जगभर होत आहेत, त्यांचे महत्त्व या प्रश्नात आहे.

साठवण संगणक म्हणजे काय?

एखाद्या कार्यालयात दहा संगणक आहेत. प्रत्येकाने आपापल्या फाईली आपल्याच संगणकात ठेवल्या तर एकाचे काम दुसऱ्यास दिसत नाही आणि एक संगणक बिघडला की त्यातील सर्व काम जाते. यावर उपाय म्हणून अनेक डिस्क जोडलेला एक संगणक वेगळा ठेवतात व तो कार्यालयातील जाळ्याला जोडतात. बाकीचे संगणक त्यावरील फाईली आपल्याच असल्याप्रमाणे वापरतात. यास साठवण संगणक म्हणावे. त्याला पडदा लागत नाही की कळफलक. चोवीस तास जागे राहून मागेल त्याला फाईल देणे व दिलेली फाईल नीट ठेवणे, एवढेच त्याचे काम.

हे काम करणाऱ्या प्रमुख आज्ञावली जुन्या व कसोटीला उतरलेल्या आहेत. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये एनएफएस ही पद्धत आणली. निरनिराळ्या प्रोसेसरांच्या यंत्रांनी एकमेकांच्या फाईली वापराव्यात हाच तिचा हेतू असल्याने, जाळ्यावरून जाणारी प्रत्येक संख्या कोणत्या क्रमाने लिहावयाची हे तीत प्रारंभापासून ठरवून दिलेले आहे. पुढे १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी साम्बा या आज्ञावलीचा पाया घातला. तिच्यामुळे विंडोज वापरणाऱ्या संगणकांना अन्य प्रणालीच्या यंत्रावरील फाईली सहज मिळू लागल्या. साम्बाचा मूळ मजकूर सर्वांस खुला आहे. एनएफएसही अनेक मुक्त प्रणालींत अंतर्भूत आहे.

सूचनासंच आणि त्याची मालकी

प्रोसेसर हा हुकूम मानणारा कारागीर आहे असे समजल्यास, त्याला कळणाऱ्या हुकमांची यादी म्हणजे सूचनासंच. ‘या दोन संख्यांची बेरीज कर’, ‘हा आकडा स्मृतीतून आण’, ‘अमुक झाले तर तमुक ठिकाणी जा’ अशा सोप्या सूचनांतूनच सर्व संगणकीय कामे उभी राहतात. एका सूचनासंचासाठी तयार केलेली आज्ञावली दुसऱ्या सूचनासंचाच्या प्रोसेसरला जशीच्या तशी कळत नाही.

टेबलावरील बहुतेक संगणकांत आज जो सूचनासंच आहे, त्याचा वंश इंटेल कंपनीच्या १९७८ च्या ८०८६ या प्रोसेसरपर्यंत जातो. त्याचे प्रोसेसर प्रामुख्याने इंटेल व एएमडी या दोनच कंपन्या बनवितात. मोबाइल फोनमध्ये प्रचलित असलेला आर्मचा सूचनासंच वापरावयाचा तर ब्रिटनमधील त्या कंपनीचा परवाना घ्यावा लागतो. म्हणजे चिप कोणी बनवावी, हे ठरविण्याचा अधिकार सूचनासंचाच्या मालकाकडे राहतो.

याला पर्याय २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत पुढे आला. तेथील क्रस्ते असानोविच, डेव्हिड पॅटरसन व त्यांचे विद्यार्थी-सहकारी यांना अध्यापन व संशोधनासाठी निर्वेध वापरता येईल असा सूचनासंच हवा होता. तो त्यांनी स्वतःच रचला. बर्कलीतील या परंपरेतील पाचवी रचना म्हणून त्यास रिस्क-फाइव्ह हे नाव मिळाले. त्याचा मूळ संच जेमतेम चाळीस सूचनांचा आहे. गुणाकार, दशांश संख्या, सांकेतिकीकरण इत्यादींसाठी गरजेनुसार पुरवणी संच जोडता येतात. हे लेखी मानक कोणीही वाचावे व त्यानुसार प्रोसेसर बनवावा, त्यासाठी परवाना शुल्क नाही. मानकाचा सांभाळ करण्यासाठी २०१५ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन झाले आणि २०२० मध्ये त्याचे कायदेशीर ठिकाण स्वित्झर्लंडमध्ये नेण्यात आले. कोणत्याही एका देशाच्या निर्बंधाने मानक अडू नये ही त्यामागील दृष्टी होती.

मुक्ततेचे दरवाजे अन्यत्रही उघडले, परंतु सर्वच उघडे राहिले नाहीत. आयबीएमने २०१९ मध्ये आपला पॉवर सूचनासंच खुला केला आणि तो आजही खुला आहे. मिप्स या दुसऱ्या जुन्या सूचनासंचाच्या मालकांनी २०१८ च्या डिसेंबरात तो खुला करण्याची घोषणा केली आणि २०१९ च्या नोव्हेंबरात ती योजना बंद केली. मालकाच्या मर्जीने मिळालेली मुक्तता मालकाच्या मर्जीने संपू शकते, हा यातील बोध. कोणत्याही तंत्राला ‘मुक्त’ म्हणण्यापूर्वी त्याचे मानक कोणाच्या ताब्यात आहे हे पाहिले पाहिजे.

आज्ञावली नव्या यंत्रावर कशी जाते?

आज्ञावलीचा मूळ मजकूर माणसास वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला असतो. संकलक नावाची आज्ञावली त्याचे रूपांतर विशिष्ट प्रोसेसरच्या सूचनांत करते. मूळ मजकूर हाती असेल तर तोच मजकूर नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा संकलित करता येतो. मजकूर बंदिस्त असेल तर मूळ कंपनीने मनावर घेईपर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. मुक्त प्रोसेसरवर साठवण संगणक उभा राहू शकतो तो साठवणुकीच्या आज्ञावली मुक्त आहेत म्हणून. एक मुक्तता दुसरीच्या आधाराने उभी राहते.

हे काम टप्प्याटप्प्याने झाले. लिनक्सच्या गाभ्यात रिस्क-फाइव्हचा समावेश जानेवारी २०१८ मधील ४.१५ या आवृत्तीपासून झाला. तथापि केवळ गाभा असून भागत नाही. त्याभोवती हजारो आज्ञावली संकलित करून, तपासून, एकमेकांशी जुळवून द्याव्या लागतात. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या डेबियन प्रकल्पाने जुलै २०२३ मध्ये रिस्क-फाइव्हला अधिकृत स्थान दिले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली १३ वी आवृत्ती ही त्यासह आलेली पहिली स्थिर आवृत्ती ठरली. साम्बा, एनएफएस, डिस्कजोड्या सांभाळणाऱ्या आज्ञावली, प्रती काढण्याची साधने हे सर्व आता रिस्क-फाइव्ह यंत्रावर नेहमीच्याच पद्धतीने बसविता येते. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीतही २०१६ पासून रिस्क-फाइव्हचा आधार आहे.

डिस्क एक, प्रोसेसर अनेक

यापुढील प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. एका जातीच्या यंत्राने लिहिलेली डिस्क दुसऱ्या जातीच्या यंत्रास वाचता येईल काय?

अडचण कोठे येते हे एका साध्या उदाहरणाने समजेल. आपण ‘२५’ हा आकडा लिहिताना आधी दशक व मग एकक लिहितो. परंतु ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच व नंतर वीस म्हणतो. संख्या तीच, क्रम उलटा. प्रोसेसरांचेही तसेच आहे. मोठी संख्या स्मृतीत ठेवताना काही प्रोसेसर मोठ्या स्थानाचा भाग आधी ठेवतात, तर काही लहान स्थानाचा. सनचे स्पार्क प्रोसेसर पहिल्या पद्धतीचे. इंटेल व रिस्क-फाइव्ह दुसऱ्या पद्धतीचे. एकाने लिहिलेले दुसऱ्याने आपल्या क्रमाने वाचले तर अनर्थ होईल.

साठवण आज्ञावलींच्या कर्त्यांनी हा धोका ओळखून त्यावर उपाय योजले. लिनक्समधील एक्स्ट-४ ही पद्धत कोणत्याही यंत्रावर डिस्कवर एकाच ठरलेल्या क्रमाने लिहिते. एक्सएफएस ही पद्धत मूळच्या मिप्स यंत्रांवरील उलटा क्रम आजही सर्वत्र पाळते. सनने २००५ मध्ये खुल्या केलेल्या झेडएफएस या पद्धतीत तर प्रत्येक खंडाच्या नोंदीतच तो कोणत्या क्रमाने लिहिला आहे याची खूण असते. वाचणारे यंत्र खूण पाहून क्रम जुळवून घेते. त्यामुळे स्पार्क यंत्रावरील डिस्कसंच रीतसर सोडवून घेऊन इंटेल यंत्रास जोडला तरी माहिती वाचता येते. रिस्क-फाइव्हच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो.

झेडएफएसचा दुसरा गुण असा की, ती प्रत्येक खंडाबरोबर त्याची पडताळणी-बेरीज ठेवते. खतावणीचा कारकून पानाच्या तळाशी बेरीज मांडून पुढे कधीही पान ताडून पाहतो, तसाच हा प्रकार. वाचताना बेरीज जुळली नाही तर खंड खराब झाल्याचे कळते आणि जोड-डिस्कवर चांगली प्रत असल्यास तीवरून दुरुस्तीही होते. माहिती हळूहळू व नकळत बिघडण्याचा जो धोका दीर्घकाळच्या दप्तराला असतो, त्यावर हा परिणामकारक बंदोबस्त आहे.

माहिती खऱ्या अर्थाने सुरक्षित राहते ती डिस्कवरील लेखनपद्धती प्रसिद्ध व प्रोसेसरनिरपेक्ष असते तेव्हा. मग यंत्र हे केवळ कपाट उरते. आणि कपाट बदलता येते.

प्रत्यक्ष यंत्राची क्षमता

रिस्क-फाइव्हचे लहान संगणक आज बाजारात मिळतात. उदाहरणादाखल स्टारफाइव्ह या चिनी कंपनीचा व्हिजनफाइव्ह-२ हा बोर्ड घेता येईल. त्यात १.५ गिगाहर्ट्झपर्यंत चालणारे चार गाभे, ८ गिगाबाइटपर्यंत स्मृती, दोन गिगाबिट जाळेजोडण्या आणि डिस्कसाठी एक जलद जोडणी आहे. आकाराने तो हातात मावेल एवढा आहे.

एवढे लहान यंत्र भांडाराचे काम पेलू शकेल काय? गिगाबिट जाळ्यावरून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट माहिती जाऊ शकते. व्यवहारात ११० च्या आसपास. उलट बोर्डवरील डिस्कजोडणीची क्षमता सेकंदाला सुमारे ५०० मेगाबाइट आहे. म्हणजे साध्या फाईली देण्याघेण्यात मर्यादा बहुधा जाळ्याची पडते. सेकंदाला ११० मेगाबाइट या वेगाने ४ टेराबाइटची पूर्ण प्रत काढण्यास सुमारे दहा तास लागतील. एका रात्रीत हे काम पुरे होऊ शकते.

माहिती सांकेतिक रूपात ठेवावयाची असेल तर मात्र चित्र बदलते. इंटेलच्या प्रोसेसरांत २०१० पासून सांकेतिकीकरणासाठी खास सूचना आहेत. रिस्क-फाइव्हच्या तशा पुरवणी सूचनांचे मानक २०२१ मध्ये संमत झाले. उपरोक्त बोर्डातील गाभ्यांत त्या नाहीत. तेच काम सामान्य सूचनांनी करावे लागत असल्याने वेग घटतो. गोपनीय माहितीचे भांडार उभारताना ही बाब लक्षात घेणे अगत्याचे आहे.

आजच्या उणिवा

सूचनासंच मुक्त असला म्हणजे सर्व अडचणी मिटल्या असे नव्हे. पहिली अडचण चालक-आज्ञावलींची. प्रोसेसरभोवती असणारे डिस्कचे, जाळ्याचे, विद्युतनियंत्रणाचे भाग प्रत्येक चिपमध्ये निराळे असतात व त्यांचा आधार लिनक्सच्या मूळ गाभ्यात येण्यास काळ लागतो. व्हिजनफाइव्ह-२ ग्राहकांच्या हाती २०२३ मध्ये पडला. ज्या जोडणीवर त्याची डिस्क बसते तिचा आधार मूळ गाभ्यात २०२४ मध्ये आला. तोपर्यंत उत्पादकाने दिलेला वेगळा गाभा वापरावा लागत होता. उत्पादकाने त्याची देखभाल थांबविली तर सुरक्षिततेच्या दुरुस्त्याही थांबतात. झेडएफएस परवान्यांतील भेदामुळे लिनक्सच्या गाभ्याबाहेर राहिली आहे. गाभा बदलला की ती पुन्हा जुळवून घ्यावी लागते, हीही एक गैरसोय.

दुसरी अडचण पुरवण्यांच्या विविधतेची. कोणत्या पुरवण्या प्रोसेसरमध्ये असाव्यात याचा आरव्हीए-२३ हा समान नमुना २०२४ च्या ऑक्टोबरात संमत झाला. उबुंटू या प्रणालीने २०२५ च्या ऑक्टोबरातील आवृत्तीपासून तो सक्तीचा केला. तोवर विकले गेलेले बहुतेक बोर्ड त्या अटीत बसत नाहीत. डेबियनची अट साधी असल्याने ते तेथे चालतात. खरेदीपूर्वी यंत्र व प्रणाली यांचा मेळ पाहिला नाही तर नवे यंत्र अल्पावधीतच जुने ठरते.

तिसरी अडचण तयार संचांची. ट्रूनॅससारख्या, ब्राउझरमधून सर्व व्यवस्था करता येणाऱ्या प्रणालीचे अधिकृत वितरण इंटेल-एएमडी पद्धतीच्या यंत्रांसाठी आहे. रिस्क-फाइव्हवर डेबियन बसवून साम्बा व इतर भाग स्वतः जुळवावे लागतात. त्यासाठी जाणकार हवा. शिवाय लहान बोर्डांत स्मृतीतील चूक आपोआप दुरुस्त करण्याची सोय सहसा नसते. मोठ्या साठवण संगणकांत ती आवश्यक मानली जाते.

भारतातील प्रयत्न

भारताने या क्षेत्रात बरीच आधी पावले उचलली. मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. व्ही. कामकोटी यांच्या नेतृत्वाखाली रिस्क-फाइव्हवर आधारित ‘शक्ती’ प्रोसेसरांची रचना झाली. २०१८ मध्ये त्यांपैकी एक चिप अमेरिकेत इंटेलच्या कारखान्यात, तर दुसरी मोहाली येथील सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत तयार करण्यात आली. केंद्र शासनाने एप्रिल २०२२ मध्ये डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह कार्यक्रम जाहीर केला.

पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचा प्रवास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तिने १९९१ मध्ये तयार केलेला परम-८००० हा महासंगणक ट्रान्सप्युटर या आयात केलेल्या ब्रिटिश चिपांवर आधारलेला होता. आज याच संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने रिस्क-फाइव्हवर आधारित ‘वेगा’ प्रोसेसरांची मालिका रचली आहे. मुक्त मानकामुळे रचना आपली, आज्ञावली जगाची, असा मेळ शक्य झाला. केंद्र शासनाचे २०१० चे ई-प्रशासनातील मुक्त मानकांचे धोरण आणि २०१५ चे मुक्त स्रोत आज्ञावलींचे धोरण यांची दिशाही हीच आहे.

व्यवहारात काय करावे?

शासकीय अभिलेखांच्या साठवणुकीस संबंधित विभागांचे नियम लागू असतात व मूळ अभिलेख त्यांनुसारच ठेवावयास हवेत. शाळा, महाविद्यालये, ग्रंथालये यांना मात्र प्रयोगास भरपूर वाव आहे. त्यासाठी आरंभी नवे यंत्रही घ्यावे लागत नाही. क्यूएमयू ही मुक्त आज्ञावली साध्या संगणकावर रिस्क-फाइव्ह यंत्राची नक्कल करते. तिच्यात डेबियन बसवून, साम्बा चालवून, विद्यार्थ्यांना सर्व टप्पे शिकविता येतात. नक्कल संथ चालते, पण शिक्षणाच्या दृष्टीने ते बाधक नाही.

प्रत्यक्ष यंत्र घेतल्यास त्याचा पहिला उपयोग दुसऱ्या प्रतीसाठी करणे शहाणपणाचे ठरेल. मूळ भांडार प्रचलित यंत्रावर ठेवावे व रोज रात्री त्याची प्रत नव्या यंत्रावर घ्यावी. दोन्ही यंत्रे भिन्न जातींची असल्यास एका जातीतील दोष दोन्ही प्रतींना एकाच वेळी बाधण्याचा संभव कमी होतो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोन डिस्कवर एकच माहिती उमटविणारी जोडी म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चुकून फाईल पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. खरी दुसरी प्रत वेगळ्या यंत्रात आणि शक्य तर वेगळ्या इमारतीत असते.

विद्युतपुरवठा अचानक खंडित होऊ नये यासाठी यूपीएसची जोड द्यावी. भांडाराची रचना, परवलीच्या शब्दांची व्यवस्था व दुरुस्तीची पद्धत मराठीत लिहून कार्यालयात ठेवावी. जाणकार कर्मचाऱ्याची बदली झाली म्हणून भांडार अनाथ होता कामा नये. शेवटची व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वर्षातून किमान एकदा डिस्क काढून दुसऱ्या जातीच्या यंत्रास जोडावी आणि काही फाईली उघडून पाहाव्यात. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिचा भरवसा धरता येत नाही.

रिस्क-फाइव्हचे यंत्र आज प्रत्येक कार्यालयात असावे असे म्हणण्याची वेळ आलेली नाही. तथापि साठवणुकीची यंत्रे खरेदी करताना तीन प्रश्न विचारण्याची वेळ निश्चित आली आहे. डिस्कवरील लेखनपद्धती प्रसिद्ध आहे काय? आज्ञावलीचा मूळ मजकूर उपलब्ध आहे काय? आणि हीच डिस्क दुसऱ्या उत्पादकाच्या, दुसऱ्या जातीच्या यंत्रावर वाचून दाखविता येईल काय? या तिन्ही प्रश्नांना होकार मिळाला, तर यंत्र कोणतेही असो, पुढील पिढीच्या हाती दप्तराचा रुमाल सोडण्याची सोय राहील.